अंथरूण कोरडे राहावे म्हणून : मोठ्या माणसांसाठी सुती लंगोट



मोठ्या माणसांना रात्री झोपेत लघवी होणे, या विषयावर आपल्याकडे सहसा कोणी उघडपणे बोलत नाही. घरभेटीला गेल्यावर ताप, खोकला, गुडघेदुखी सगळे सांगतात. हे सांगत नाहीत. ते आम्हाला वासावरून कळते, कुडावर वाळत टाकलेल्या गोधडीवरून कळते, किंवा आजोबांची खाट ओसरीतून हलून गुरांच्या बाजूला गेलेली दिसते तेव्हा कळते. दर रविवारी प्रार्थनेला येणारी एखादी आजी दोन-तीन महिने दिसत नाही. विचारले तर घरचे म्हणतात, "पाय दुखतात तिचे." पाय दुखतही असतील.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या पाड्यांवर काम करताना गेल्या काही वर्षांत आम्ही अशा घरांना सुती कापडाचे लंगोट शिवून देऊ लागलो आणि ते वापरायला शिकवू लागलो. इतर ठिकाणच्या कार्यकर्त्यांनी याबद्दल विचारले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाषा मोकळी वाटली तर समजून घ्यावे. आडून बोलले की ऐकणारा नेमके काय करायचे ते विसरतो.

आधी पैशांचे बोलू. मोठ्यांचा तयार डायपर आमच्याकडच्या औषधाच्या दुकानात एक नग साधारण 35 ते 40 रुपयांना पडतो. रोज रात्री एक म्हटला तरी महिन्याला हजार ते बाराशे रुपये झाले. श्रावणबाळ योजनेचे पैसे महिन्याला 1500 येतात, तेही वेळेवर आले तर. म्हणजे म्हातारपणाचा जो काही आधार आहे तो जवळजवळ सगळा रात्रीच्या लघवीवर जातो. मग घरातले लोक काटकसर करतात. एकच डायपर दोन रात्री बांधतात. उन्हात वाळवून पुन्हा बांधलेलाही मी पाहिला आहे. त्या डायपरच्या आत जी पूड असते ती लघवी शोषून चिकासारखी होते; वरून वाळलेला दिसला तरी लघवीतले क्षार आणि जंतू आतच राहतात. अशा डायपरने चार दिवसांत मांड्यांची साल निघते.

दुसरा प्रश्न, वापरलेला डायपर टाकायचा कुठे? 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेले डायपर 'स्वच्छताविषयक कचऱ्या'त धरले होते आणि ते वेगळे गुंडाळून द्यावेत असे सांगितले होते. शहरात घंटागाडी येते. पाड्यावर कोण येणार? इथे तो नाल्यात जातो, नाहीतर घरामागे पुरला जातो आणि रात्री कुत्री तो उकरून गावभर फिरवतात. ज्या माणसाने अख्खी लाज पोटात ठेवून तो बांधलेला असतो, त्याची लाज सकाळी हातपंपापाशी पडलेली असते. ओला डायपर चुलीत नीट जळत नाही, आणि जळला तर प्लास्टिकचा धूर घरात भरतो.

या दोन कारणांनी आम्ही कापडाकडे वळलो. पण कापडाबद्दल सांगण्याआधी एक गोष्ट सांगणे मला फार गरजेचे वाटते. लंगोट हा इलाज नाही. लघवी का होते ते आधी पाहायला हवे, कारण पुष्कळदा ते बरे होणारे किंवा निदान कमी होणारे असते.

साखरेचा आजार असेल तर रात्री वारंवार आणि भरपूर लघवी होते. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला की जळजळ होते आणि रोखून धरता येत नाही. म्हाताऱ्या पुरुषांत पुरुषग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढली की मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही; ते भरून वाहू लागते आणि रात्रभर थेंबथेंब गळते. अशा माणसाला घरचे म्हणतात, "बाबांना लघवी फार होते," पण खरे दुखणे उलटे असते, त्यांची लघवी आत अडलेली असते. बायकांमध्ये बाळंतपणे, डोक्यावरची ओझी आणि वर्षानुवर्षे भरलेले हंडे यांमुळे अंग बाहेर येते, आणि ते कुणाला दाखवलेले नसते. नुसता शौचाचा खडा साचूनही मूत्राशयावर दाब येतो. संध्याकाळी घेतलेली सुजेची किंवा रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल, तर ती सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये. ज्यांचे पाय दिवसभरात सुजतात, त्यांनी दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावे. पायात उतरलेले पाणी दुपारीच लघवीवाटे निघते, नाहीतर रात्री आडवे झाल्यावर निघते. मोहाची दारू पिऊन झोपणाऱ्याला वेगळे काय सांगायचे!

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. ते म्हणजे सिकलसेल. या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. त्यामुळे लघवी पातळ आणि पुष्कळ होते, रात्रीसुद्धा. सिकलसेलची मुले मोठी झाली तरी काहींचे अंथरूण ओले होणे थांबत नाही. एका पाड्यावरचा बावीस वर्षांचा मुलगा आयटीआयला प्रवेश मिळूनही वसतिगृहात राहायला तयार नव्हता. कारण विचारले की गप्प. आईने शेवटी मला बाजूला घेऊन सांगितले. त्याने स्वतःच एक उपाय शोधला होता, दुपारी तीननंतर पाणीच प्यायचे नाही. सिकलसेलच्या रुग्णाने हे करणे म्हणजे संकट ओढवून घेणे. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तपेशी अडकतात आणि हाडे फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. त्याला तशा वेदना दर महिन्या-दोन महिन्यांनी होत होत्या, आणि घरचे त्या थंडीमुळे होतात असे समजत होते. आता तो पाणी पितो, झोपताना लंगोट बांधतो, रात्री दोनचा गजर लावून एकदा उठतो. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले ते आपल्यासारख्या आदिवासी भागांसाठीच. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि अंथरूण ओले होत असेल, तर या दोन गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात.

इतरांनीही पाणी तोडू नये. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते, उलट जास्त घाई होते. शिवाय शौचाला खडा होतो. दिवसभर पोटभर पाणी प्यावे, झोपण्याआधीच्या दोन तासांत थोडे कमी, आणि संध्याकाळचा दुसरा चहा सोडावा. लघवीत रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, पोट खालून टम्म फुगले आणि लघवी होईना, किंवा पायांतली शक्ती जाऊन बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे उद्यावर ढकलणे नको.

आता कापड. कापड सुतीच हवे. हे सोपे वाटते, पण आज घरोघरी ज्या साड्या आहेत त्या बहुतेक पॉलिस्टरच्या. त्या कितीही जुन्या आणि मऊ झाल्या तरी लघवी शोषत नाहीत, ती बाजूने वाहून जाते. ओळखायला दोन उपाय आहेत. कापडावर पाण्याचा थेंब सोडा. सुती कापड तो लगेच पितं, पॉलिस्टरवर तो मण्यासारखा उभा राहतो. शंका राहिली तर एक दोरा काढून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून काळी कडक गाठ होते. बाजारातून नवे कापड आणले तर ते चार-पाच वेळा गरम पाण्यात धुवून मगच वापरावे, कारण खळ निघाल्याशिवाय नवे सूत पाणी घेत नाही. कित्येकांनी नव्या कापडाचा लंगोट पहिल्या रात्री बांधला, तो गळला, आणि "हे काही कामाचे नाही" म्हणून ठेवून दिला.

आमचा लंगोट दोन भागांचा असतो. बाहेरचा भाग म्हणजे साधा त्रिकोणी किंवा चड्डीच्या आकाराचा, दोन्ही बाजूंना रुंद नाड्या असलेला. आतला भाग म्हणजे शोषणारी घडी. मोठ्या माणसाचे मूत्राशय एका वेळी 400 ते 500 मिलिलिटर लघवी सहज धरते, म्हणजे पाण्याचे दोन मोठे पेले. तेवढे त्या घडीत मावले पाहिजे. त्यासाठी टर्किश टॉवेलचे तीन-चार पदर, किंवा जुन्या सुती साडीचे दहा-बारा पदर लागतात. घडी झाल्यावर लांबी साधारण 28 ते 30 इंच आणि रुंदी 7 ते 8 इंच. पुरुषांसाठी जास्तीचे पदर पुढच्या बाजूला घ्यावेत, बायकांसाठी मध्यभागी. कुशीवर झोपणाऱ्याची त्या बाजूची मांडी गळते, म्हणून तिथे घडी जरा रुंद ठेवावी. पहिल्यांदा घरातच पेल्याने पाणी ओतून पाहावे, मग कळते किती पदर पुरतात.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट शिवणीची आहे. हे पदर एकत्र शिवून जाड गादी करू नये. शिंपी तशीच करून देतो, कारण ती दिसायला नीट दिसते. पण ती आतून वाळत नाही, आणि सातपुड्यातल्या पावसाळ्यात तर तिसऱ्या दिवशी तिला बुरशीचा वास येतो. त्याऐवजी लांब पट्टी ठेवावी आणि बांधताना घडी घालावी. धुताना ती पूर्ण उलगडते, दोरीवर एकेरी वाळते. नाडीऐवजी वेल्क्रो लावायचा मोह होतो. त्यात दोरे अडकतात आणि गरम पाण्याने तो लवकर खराब होतो. पिना तर नकोच.

कापड ओले झाल्यावर ओल बाहेर येणारच. ती अडवण्यासाठी शहरात पीयूएल नावाचे कापड मिळते. त्याला एका बाजूने पाणी न झिरपणारा पातळ थर असतो. त्याची चड्डी वरून घातली की चादर वाचते. ती उकळू नये, तिच्यावर इस्त्री फिरवू नये. चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसाला ही चांगली. जो माणूस अंथरुणावरच आहे त्याला रात्रभर अशी चड्डी घालू नये, घामाने कातडी मऊ पडते. त्याच्याखाली दवाखान्यात असते तशी रबरी चादर, तिच्यावर सुती गोधडी, आणि अंगाला नुसती घडी. रबरी चादर नाही म्हणून खताची रिकामी गोणी अंथरलेली दिसते. ती खरखरीत असते आणि तिच्यात खताचा अंश असतो, म्हणून ती अजिबात वापरू नये.

नावाचेही सांगतो. 'डायपर' म्हटले की म्हातारी माणसे तोंड फिरवतात, "मी काय पोर आहे का?" लंगोट म्हटले की पुरुषांना ते आपले वाटते, त्यांच्या वडिलांनी, आजांनी आयुष्यभर लंगोटच नेसला होता. बायकांना आम्ही 'रात्रीची घडी' म्हणतो. त्या तरुणपणापासून कापडाची घडी वापरत आल्या आहेत, त्यांना शिकवावे लागत नाही. बांधायचे काम शक्यतो ज्याचे त्याने करावे. सासऱ्याला सुनेने बांधायचे म्हटले तर दोघांनाही मरण. मुलगा असेल तर मुलाने बांधावे. मुलगे लाजतात, पण दोन दिवस दाखवले की करतात.

आता धुण्याकडे येतो, कारण सगळे इथेच अडते. दुकानातला डायपर टाकून देता येतो, कापड कुणालातरी धुवावे लागते, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे जवळजवळ नेहमी सून. रोजची एक-दोन घडी, लंगोट आणि एखादी चादर यांना आमच्या अनुभवाने दोन ते अडीच हंडे पाणी लागते. जिथे पाणी दरीतून चढून आणावे लागते तिथे हे फुकटचे नाही. एका घरी मी लंगोटाचे फायदे सांगत होतो. तिथली सून शांतपणे म्हणाली, "भाऊ, पाणी तू आणशील का?" तिचा प्रश्न बरोबर होता. त्या घराशी आम्ही असे ठरवले की सायकलवरून दोन डबे पाणी नातवाने आणायचे, आणि ते फक्त या कामासाठी राखायचे. ज्या घरांत हे ठरवता येत नाही तिथे मी कापडाचा आग्रह धरत नाही.

धुण्याची रीत अशी. सकाळी काढलेली घडी झाकणाच्या बादलीत टाकावी आणि दुपारपर्यंत तशीच ठेवू नये. लघवी शिळी होते तसा तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, डोळ्यांना झोंबणारा तो वास त्याचाच. आधी साध्या गार पाण्यात अर्धा तास भिजवावी. हे पहिले पाणी साबणाशिवायचे असते, ते परसातल्या झाडाच्या बुंध्याशी ओतावे. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा हातपंपाच्या ओट्यावर हे धुऊ नये. मग साबणाने किंवा पावडरने धुवावी आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावी. कापडात साबण राहिला तर रात्री ओल लागताच तो कातडीला चावतो. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नयेत, त्याचा थर बसून कापड पाणी पीत नाही. आठवड्यातून एकदा घड्या पाण्यात उकळाव्यात. शौच लागले असेल तर ते आधी संडासात झटकून मग गरम पाण्याने धुवावे, आणि शेवटी हात साबणाने. वाळवायला कडक ऊन हवे. लाजेने घड्या घरात अंधारात वाळत टाकतात. त्यापेक्षा दोरीवर पुढे एक लुगडे आडवे टाकावे, मागे घड्या.

किती घड्या लागतात? उन्हाळ्यात सहा पुरतात. पावसाळ्यात दहा-बाराही कमी पडतात. चुलीवरच्या माळ्याखाली वाळवल्या तर धुराचा वास येतो, पण ओलसर घडी बांधण्यापेक्षा तो परवडला. ओल्या कापडाने जांघेत लाल, खाजरे, कडेला बारीक पुटकुळ्या असलेले चट्टे उठतात. ती बुरशी असते, तिला डॉक्टरांकडून मलम हवे.

कातडीची काळजी थोडक्यात. सकाळी साध्या पाण्याने धुवून टिपून कोरडे करावे, घासू नये. व्हॅसलीन किंवा झिंकचे मलम अगदी पातळ लावावे. जाड लावले तर ते कापडात उतरते आणि कापड शोषेनासे होते. पावडर नको, ओलीने तिचे गोळे होतात. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. माकडहाडाजवळ लाली दिसली तर तिथे बोटाने दाबावे. बोट काढल्यावर ती फिकी झाली नाही, तर ती दाबाच्या जखमेची सुरुवात आहे, आणि ती जखम लंगोटाने होत नाही तशी लंगोटाने बरीही होत नाही, नर्सबाईंना दाखवावी.

तयार डायपर वाईटच, असे मी म्हणत नाही. जुलाब लागले असतील, जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती व्हायचे असेल, लांबचा प्रवास असेल, किंवा आठवडाभर झड लागली असेल, तर तोच सोयीचा. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातकडे जातात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. त्यांच्यापैकी ज्यांना स्वतः धुता येत नाही, त्यांच्यासाठी जाण्याआधी शेजारच्या कुणाशी तरी पैसे ठरवून धुण्याची सोय करावी, किंवा दोन-तीन पुडे डायपर घरात ठेवून जावे. मागे राहिलेल्या एका आजीने लाजेपायी कुणालाच सांगितले नव्हते. तिने रात्री जेवणच सोडले होते. मुलगा होळीला परत आला तेव्हा ती खाटेवर बसूही शकत नव्हती. आता जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आम्ही हा प्रश्न सरळ विचारतो, आशाताईंनाही विचारायला सांगितले आहे.

आमच्या शिवणवर्गातल्या बहिणी एका माणसासाठी आठ घड्या आणि तीन लंगोट असा एक संच शिवतात. शिलाईला माणसे आहेत, कमी पडते ते कापड. वाचकांपैकी कुणाकडे जुन्या सुती साड्या, धोतरे, सुती चादरी किंवा टर्किश टॉवेल असतील तर ते धुवून, वर सांगितलेली थेंबाची परीक्षा करून पाठवावेत. एका संचाला साधारण चार साड्या लागतात. जरीच्या, टिकल्यांच्या आणि सिंथेटिक साड्या नकोत. काठाला फाटलेली असली तरी चालेल, मधला भाग धड असला की पुरे. पावसाळ्याआधी मिळाल्या तर जूनमधल्या घरभेटींना त्या सोबत नेता येतील.